रुखमाबाईच्या गाडीतलं वाढतं तेल

धामणगाव बढ्यातल्या त्या गल्लीची सकाळ कोंबड्यानं होत नसे, रुखमाबाईनं होत असे. आधी पत्र्याच्या शेडचं फाटक करकरायचं. मग गाडीचं दार, धप्प. मग चावी अर्धी फिरायची आणि थोडा वेळ नुसती शांतता. त्या शांततेत रुखमाबाई स्टिअरिंगमागचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझायची वाट पाहत बसलेली असे. दिवा विझला की चावी पूर्ण. घर्र, घर्र, घर्र, ढक्, आणि मग ढबढबढबढब. एकदा असा ताल धरला की गल्लीतल्या मांडणीवरच्या ताटल्या बारीक कुजबुजायला लागायच्या. शेजारची सायरा चहाचं आधण ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणायची, "उठली म्हैस." आणि गफ्फार गोधडीतूनच विचारायचा, "दूध देऊन राह्यली का?"

मौज अशी, की रुखमाबाईला गाडी चालवताच येत नव्हती. सायराचा चहा उकळून, गाळून, पिऊन होईस्तोवर ती ड्रायव्हरच्या सीटवर पदर खोचून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोरच्या विटांच्या भिंतीकडं रोखून पाहत बसायची. चेहरा असा, की जसा काही समोर मलकापूरचा चौक आहे आणि आडवा ट्रक आलाय. मग चावी उलटी, इंजिन गप्प, फाटक बंद. गाडी वीतभरही हललेली नसे.

गाडी तिच्या नवऱ्याची, वामनरावांची. कापसानं एका साली हात दिला तेव्हा त्यांनी ही डिझेलची गाडी घेतली आणि त्या दिवसापासून त्यांचं एकच व्रत झालं: गाडी टिकली पाहिजे. आपल्या जन्माला पुरली पाहिजे आणि पोराच्या, गणेशच्या, अर्ध्या. वामनराव बोलायला लागले की आधी घसा खाकरायचे, मग एक बोट वर करायचे, आणि वाक्य संपेपर्यंत ते बोट खाली यायचं नाही. "काय हाये रुखमे, पेट्रोलची गाडी म्हंजे पोट्टी. आज हासते, उद्या रुसते. डिझेलची म्हंजे देशी बैल. त्याले खाऊ घाल, पानी दाखव, न् रोज जुंप. उभा ठेवला का पाय धरते." एवढं झाल्यावर बोट खाली.

ते रोज सकाळी इंजिन चालू करायचे. बाजूला उभे राहून, डोळे मिटून, कीर्तनाला मान हलवावी तशी मान हलवत आवाज ऐकायचे. त्याआधी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढायचे, जुन्या धोतराच्या चिंधीनं पुसायचे, परत घालायचे, परत ओढायचे. पट्टीवर दोन खुणा. तेल दोन खुणांच्या मधे असलं की "हाव" म्हणायचे, आणि खालच्या खुणेकडं झुकलं की जरासं ओतायचे. रुखमाबाई तुळशीला पाणी घालता घालता हे सगळं पाहायची. पाहून पाहून तिला ते पाठ झालं होतं, बोटासकट आणि खाकरण्यासकट.

पण तिनं पाहिलं ते अंगणातलं. इंजिन गरम झालं की वामनराव गाडी घेऊन निघून जायचे. शेतात जायचे, मोताळ्याला जायचे, आणि आठवड्यातून एकदा गाडीला घाट दाखवायचा म्हणून राजूरच्या घाटातून बुलढाण्यापर्यंत मुद्दाम चढवायचे. वर्षातून एकदा हिवरा आश्रमापर्यंत लांबचा फेरा असायचा. इंजिन पुरतं तापावं, आतली काजळी जळून बाहेर पडावी, याचा तो सगळा खटाटोप होता. आणि गाडी चालो न चालो, वर्ष सरलं की ते काळं झालेलं तेल काढून टाकायचे. हे काम मोताळ्याच्या गॅरेजात व्हायचं. म्हणजे गाडी टिकवायच्या विद्येचा अर्धा भाग अंगणात घडायचा, तो रुखमाबाईला मिळाला. दुसरा अर्धा रस्त्यावर घडायचा, आणि तो वामनरावांबरोबर गेला.

ते गेले तेही याच गाडीनं. छातीत कळ आली, गफ्फारनं गाडी काढली, घाट चढला, दवाखान्यापर्यंत पोचवलं. गाडीनं आपलं काम चोख केलं. दवाखान्याला जमलं नाही.

तेरवी झाल्यावर गणेशनं विषय काढला. गणेश पुण्याला कंपनीत. त्याची मराठी घाटाखाली उतरताना जराशी इस्त्री करून यायची. "आई, प्रॅक्टिकली विचार कर ना. तू इथे एकटी. रात्री-बेरात्री काही झालं तर? अँब्युलन्स मोताळ्याहून कधी येणार? त्यापेक्षा तू माझ्याकडेच चल."

रुखमाबाईनं पुणं पाहिलेलं होतं. गणेशच्या सातव्या मजल्यावर तिनं एक दिवाळी काढली होती. लिफ्टमध्ये माणसं पाठीला पाठ लावून उभी राहतात आणि कोणी कोणाला "कुठं निंगाली वो?" असंसुद्धा विचारत नाही, हे तिला काही केल्या पटलं नव्हतं. तिथं तिनं तोंड उघडलं की सूनबाईच्या मैत्रिणी "किती गोड बोलतात हो" म्हणून हसायच्या. मूल पहिल्यांदा बोललं की हसतात तसं. धामणगावात मात्र तिच्या बोलण्याला लोक बिचकून असत.

म्हणून तिनं भर बैठकीत, मामा-मावश्यांसमोर, शब्द टाकला. "अँब्युलन्स कायले पाह्यजे? गाडी दारात हाये, गफ्फारभाऊ शेजारी हाये. ज्यानं तुह्या बापाले नेलं त्याले मले नेता येत नाही का? गाडी चालू हाये तोवर मी इथं. ज्या दिवशी गाडी बंद पडली, त्या दिवशी मी गाठोडं बांधून तुह्यासंगं. मंग तू सातव्या माळ्यावर ठेव का सतराव्या."

गणेशला वाटलं, गाडी काय, सहा महिन्यांत बसेल. त्यानं हात पुढं केला. आईनं हातावर हात मारला.

तेव्हापासून त्या इंजिनाचा श्वास म्हणजे रुखमाबाईचं धामणगावात राहणं. रोज सकाळी ती चावी फिरवायची. घर्र, घर्र. आणि तो "ढक्" येईपर्यंत ती सातव्या मजल्यावर जाऊन परत येई.

*

तेल वाढतंय हे तिच्या लक्षात आलं ते दिवाळीच्या पुढं-मागं.

वामनरावांच्या काळी तेल कमी व्हायचं. हिच्या हाती गाडी आल्यावर ते कमीच होईना. आधी दोन खुणांच्या मधे होतं. मग वरच्या खुणेला टेकलं. मग एका सकाळी चिंधीनं पुसून पट्टी परत ओढली, तर वरच्या खुणेच्याही वर बोटभर ओलं. तिनं कोणाकडून थेंब ओतून घेतला नव्हता. फाटकाला कुलूप होतं. तरी तेल वर चढत होतं.

आता दुसऱ्या कोणी आरडाओरड केली असती. रुखमाबाईनं हळूच पट्टी आत घातली, बॉनेट लावलं आणि इकडं-तिकडं पाहिलं.

कारण ती खळ्यावर वाढलेली बाई. तिची सासू अन्नपूर्णाबाई राशीजवळ कोणाला तोंड उघडू देत नसे. धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" म्हणायचं नाही, "लाभ" म्हणायचं. राशीकडं बोट करायचं नाही. "लय झालं वो" असं म्हणणाऱ्या बाईला अन्नपूर्णाबाईनं एकदा भर उन्हात खळ्यावरून हाकललं होतं. "वाढते तवा तोंड बंद," ती म्हणायची. "बोललं का थांबलं." तिच्या मते रास ही लाजरी असते. आपण पाहतोय हे तिला कळलं की ती वाढायची थांबते.

म्हणजे वामनरावांच्या गाडीत रास लागली होती. रुखमाबाईला दुसरा अर्थ सुचलाच नाही. माणूस गेला, पण जाता जाता गाडीला हात लावून गेला. राहा म्हणतोय.

गुपित एकट्यानं सांभाळणं मात्र तिच्यानं होईना. सायराला तिनं शेडमध्ये बोलावलं, फाटक आतून लावलं आणि पट्टी ओढून दाखवली.

सायरानं ओढणीनं नाक झाकून वाकून पाहिलं. "हे काय हाये बाई?"

"तेल. न ओतता वाढून राह्यलं."

सायरानं आधी फाटकाकडं पाहिलं. मग कानाशी येऊन पुटपुटली, "बरकत हाये. माह्या आजीच्या मटक्यात असंच पीठ राह्यचं. जवा मापलं ना, तवा गेलं. कोनाले बोलू नका. ह्यांना तं बिलकुल नाही. ह्यांच्या पोटात पानी नाही राह्यत, बरकत काय राहीन?"

दोघींनी बॉनेट लावलं. सायरानं त्यावर काहीतरी पढून फुंकर मारली, रुखमाबाईनं हळदीचं बोट लावलं, आणि दोन्ही घरच्या रिवाजांनी त्या इंजिनाचा गळा आवळायला मदत केली.

कारण ते तेल वाढत नव्हतं. थंड इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल आतल्या भिंतींवरून ओघळतं आणि खाली तेलात जाऊन बसतं. इंजिन तापलं, गाडी लांब पळाली, तर ते उडून जातं. ते तापूच दिलं नाही आणि रोज सकाळी नुसतंच ढबढब करून बंद केलं, तर रोज थोडं थोडं साचतं. पट्टीवर चढत होतं ते डिझेल. दाट, काळं, बोटाला चिकटणारं तेल रोज पातळ होत होतं, आणि रोज जास्त होत होतं. पट्टीवरून पहिल्यांदा मधासारखं ओघळायचं ते आता ताकासारखं टपकायला लागलं. रुखमाबाईला वाटलं, ताजं होऊन राह्यलं.

खुणा काही कमी नव्हत्या. गाडीखाली झोपणारं कुत्रं जागा बदलून उकिरड्याकडं गेलं. धुरानं मागच्या भिंतीवर एक निळसर-काळा डाग धरला, आणि तो रोज थोडा रुंदावला. स्टिअरिंगमागं एक नवाच पिवळा दिवा पेटायला लागला, किटलीसारखा दिसणारा. तो डोळ्यांवर येई. रुखमाबाईच्या पेटीत टिकल्यांची पाकिटं तशीच पडून होती, आता कपाळाला उपयोग नव्हता. तिनं त्यातली मोठ्यात मोठी लाल टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवून टाकली. गाडीला शोभून दिसली.

आणि आवाज. आवाज तर गोड झाला होता. पूर्वीचं ढबढब खडबडीत होतं, आता ते लोण्यातून आल्यासारखं यायचं. रुखमाबाई वामनरावांसारखीच डोळे मिटून मान हलवायची. "हाव," म्हणायची.

गफ्फार तिला महिना-दीड महिन्यानं मोताळ्याच्या बाजाराला न्यायचा. गफ्फारचा धंदा कांदा-लसणाचा, स्वतःचा खिळखिळा टेम्पो. तो टेम्पो तो शिव्या देत हाकायचा, पण वामनरावांची गाडी अशी चालवायचा, जशी पाहुण्यांची कपबशी धरून चाललाय. एकदा परत आल्यावर त्यानं हवा हुंगली.

"वयनी, डिझेलचा वास येऊन राह्यला."

"डिझेलच्या गाडीले अत्तराचा येईन का?"

"तसा नाही वो. अंदरून येऊन राह्यला. एकदा गॅरेजात दाखवू. तेल बदलून टाकू."

सायरा मागच्या सीटवर बसली होती. तिनं पिशवीतून भाजी काढता काढता नवऱ्याच्या पाठीत कोपर खुपसलं. "तुम्ही कांदे पाहा."

तरी रुखमाबाईनं संध्याकाळी गणेशला फोनवर विचारलं, तेही लांबून, पाहुण्यासारखं. "तेल बदला लागते म्हनते गफ्फारभाऊ."

"आई, ते किलोमीटरवर असतं," गणेश म्हणाला. "गाडी चाललीच कुठे आहे? कशाला उगाच? गॅरेजवाले काहीही सांगतात."

हे तिला हवंच होतं. चांगलं वाढलेलं तेल काढून गॅरेजच्या नाल्यात ओतायचं म्हणजे भरली रास गाढवांपुढं घालायची. तिनं गफ्फारला पोराचा आवाज काढून सांगितलं, "किलोमीटरवर असतं हो ते." गफ्फार हसला. हसता हसता शेडकडं पाहून त्याचं हसू जरा लवकर संपलं.

*

गणेश आला तो संक्रांत उलटल्यावर. गाडी अजून चालू आहे याचं त्याला आश्चर्य वाटलं होतं, आणि जरा चीडही आली होती. त्यानं नवी अट आणली.

"आई, अंगणात सुरू होते म्हणजे चालू आहे असं नाही होत. तुला काही झालं तर ती घाट चढली पाहिजे. मी स्वतः चालवतो, बुलढाण्यापर्यंत. व्यवस्थित चढली तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही. कायमचं."

"आन् नाही चढली तं?"

"तर तू शब्द दिलेला आहेस."

रुखमाबाईनं पदर खोचला. "सकाळीच निंगू."

सकाळी तिनं पट्टी ओढली. दोन्ही खुणा बुडून गेल्या होत्या, ओल पार वरपर्यंत. तिनं मनात "लाभ" म्हटलं आणि बॉनेट लावलं. गणेश अंगणात उभा राहून ब्रश करत होता. विचारलं असतं तर तिनं दाखवलंही असतं. त्यानं विचारलं नाही.

गणेश स्टिअरिंगवर, शेजारी रुखमाबाई, मागं गफ्फार. सायरा फाटकाशी उभी राहिली आणि गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तिचे ओठ हलत होते.

मोताळ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. गणेश टिकलीकडं पाहून हसला. "हे काय?"

"शोभेले."

मोताळा मागं पडलं, राजूर मागं पडलं. घाटाच्या पायथ्याशी गणेशनं गिअर खाली टाकला आणि पाय दाबला. कितीतरी महिन्यांनी त्या इंजिनावर खरं ओझं पडलं होतं, खरी उष्णता चढली होती. पहिलं वळण. दुसरं. माकडं कठड्यावर बसली होती, ती उठून वर झाडीत गेली. आवाज बदलला. ढबढब जाऊन एक सलग, जाड, ओढ लावणारा सूर आला, हूंऽऽऽ, आणि गाडीनं मागून कोणीतरी ढकलल्यासारखी उडी घेतली.

"आई, पिकअप तर नव्या गाडीचा आहे," गणेश म्हणाला. त्याला खरंच गंमत वाटत होती.

रुखमाबाईची मान ताठ झाली. धामणगाव, शेड, गल्ली, सायरा, सगळं तिच्या पदरात परत पडत होतं. "तुह्या बापाची हाये," ती म्हणाली.

मागून गफ्फार बोलला. हळू बोलला. "गनेश, मांगचं काही दिसून नाही राह्यलं."

गणेशनं आरशात पाहिलं. आरशात रस्ता नव्हता. पांढरा-निळा धूर होता, घट्ट, कापसाच्या ढिगासारखा, आणि त्यातून कोणाचा तरी हॉर्न येत होता. त्यानं पाय उचलला.

गाडीचा वेग कमी झाला नाही.

त्यानं पायाकडं पाहिलं. पाय हवेत होता. सूर वर चढत होता. त्यानं घाबरून क्लच दाबला, आणि ओझं सुटल्याबरोबर इंजिन किंचाळलं. ती किंचाळी ऐकून रुखमाबाईला वाटलं, कोणी जनावर कापून राह्यलं. गणेशनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, गाडी कठड्याच्या कडेला घासत नेऊन उभी केली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि चावी फिरवली.

दिवे विझले. टिकलीखालचाही विझला असेल. काटे खाली पडले. इंजिन चालूच राहिलं.

त्यानं चावी परत लावली, परत फिरवली. मग चावी उपटून बाहेर काढली आणि आपल्या तळहातावर धरून तिच्याकडं पाहत राहिला. चावी हातात, आणि समोर बॉनेट थरथरतंय, सूर अजून वर, अजून वर. पुण्याची सगळी इस्त्री एका क्षणात उतरली.

"हे काय होऊन राह्यलं बे," गणेश म्हणाला. "मी तं बंद केली. माय, मी बंद केली ना."

"उतर," गफ्फार म्हणाला. "वयनी, तुम्ही बी उतरा. आंधी उतरा."

गफ्फारनं कठड्याजवळचा दगड लोटून चाकामागं लावला. तिघं घाटाच्या वरच्या बाजूला, खडकाला टेकून उभे राहिले. गाडी एकटी रस्त्याच्या कडेला किंचाळत होती. आत कोणी नव्हतं, चावी नव्हती, आणि तिला कोणाचीच गरज नव्हती.

गाड्या थांबल्या. घाटात तमाशा असला की सल्ल्याला तोटा नसतो.

"चाबी काढा ना."

"काढली."

"मंग पुरी काढा."

"पुरी काढली, हे पाहा, हातात हाये."

"बॅटरीची वायर उपटा."

"तूच जाऊन उपट बरं."

तेवढ्यात वरून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला. हातात ओलं पोतं. तो धावत आला आणि गाडीपासून काही पावलांवर थबकला. बॉनेटच्या फटीतून धूर येत होता, आतून काहीतरी धडाधडा आपटत होतं. त्यानं पोतं खाली टाकलं.

"पोतं कोंबून हवा तोडाची होती हिची," तो म्हणाला. "आता जवळ नोका जाऊ. फुटन. डिझेलवर नाही चालून राह्यली हे. आपलंच तेल वर ओढून पिऊन राह्यली. पिऊन संपल्याबिगर थांबत नाही."

"किती वेळ?" गणेशनं विचारलं.

"जेवढं तेल असन तेवढा. जास्त भरलं होतं का?"

"नाही. बदललंच नाही. किलोमीटर झाले नव्हते."

"मंग वाढलं कसं?"

गफ्फारनं एकदा रुखमाबाईकडं पाहिलं आणि मान दरीकडं वळवली.

रुखमाबाई ऐकत होती. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. इतके महिने एक एक सकाळ, एक एक थेंब तिनं राखलेली ती रास आता समोर जळत होती, आणि जितकी जास्त राखली होती तितकीच ती किंचाळी लांबत होती. थोडी राखली असती तर लवकर सुटली असती. सूर इतका वर गेला की तो कानाला लागायचा बंद झाला, नुसते दात शिवशिवायला लागले. मग त्यात खडखड मिसळली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी रागानं हलवावा तशी. मग एकच आवाज, ठाण्, जाड आणि आखूड.

आणि काही नाही.

धूर हळूहळू दरीकडं वळला. गाडीखालून काळी धार निघाली आणि उतारावरून वळणाकडं गेली. व्हिडिओ काढत उभ्या असलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं फोन खिशात घातला, बाकीचे पांगले. ट्रकवाला पोतं उचलून म्हणाला, "देवाची कृपा समजा, तुम्ही बाहेर होते," आणि निघून गेला.

गणेश कठड्यावर बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

"मले माहीत होतं," रुखमाबाई म्हणाली.

"काय?"

"तेल वाढून राह्यलं होतं. दिवाळीपासून. रोज पाहत होती मी. आजही पाह्यलं."

"मग सांगितलं का नाहीस?" गणेशचा आवाज चढला आणि मधेच तुटला. "मले सांगाचं होतं ना माय. मी विचारलं असतं कोनाले."

"वाढत्याले बोलत नाहीत," ती म्हणाली. तिनं ते समजावण्यासाठी म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते वाक्य वेगळं ऐकू आलं. "मले वाटलं, तुहे बाबा राहा म्हनून राह्यले."

तेल बदलू नको म्हणणारा गणेशच होता. ते दोघांनाही आठवत होतं, आणि दोघांनीही ते तिथं काढलं नाही. गणेशनं खाली मान घालून म्हटलं, "आपण दुसरी घेऊ. पेट्रोलची. तू इथेच राहा. मी शब्द सोडला."

गफ्फारनं चटकन वर पाहिलं.

रुखमाबाईनं मान हलवली. "तू सोडला. म्या नाही सोडला." तिचा आवाज बैठकीतल्यासारखाच होता, फक्त त्यात धार नव्हती. "दुसरी घेशील, तिच्यातबी मी कान लावून बसीन. ते काय म्हनन न् मले काय ऐकू येईन, कोनाले ठाव? आज तू आत होता. गफ्फारभाऊ आत होता. काही झालं असतं तं सायराच्या तोंडाकडं म्या कसं पाह्यलं असतं?"

"वयनी, असं नका बोलू," गफ्फार म्हणाला. "मले वास आल्ता. म्या जोर लावाले पाह्यजे होता."

"तुम्ही लावला होता. आमी दोघींनी कांदे पाहाले लावलं तुमाले."

वरून धामणगावकडं जाणारी एसटी वळणावर आली. रुखमाबाईनं हात केला. घाटात बस थांबत नाही, पण काळी धार, धूर आणि खडकाजवळची बाई पाहून ड्रायव्हरनं ब्रेक मारला. कंडक्टरनं दार उघडलं. "काय झालं वो बाई? कोनाले लागलं का?"

"नाही. धामणगाव."

"आई, थांब ना," गणेश उठला. "गाडी ओढून न्यायला कोणी येईस्तोवर थांब. आपण सोबत जाऊ."

"तू गाडीचं पाह्य. मी जाऊन गाठोडं बांधते," ती म्हणाली. "कापूस भरला हाये घरात, तो गफ्फारभाऊ पाहून घेईन. शेळी सायराले देते. उद्याच्या गाडीनं निंगू."

ती चढली. मधल्या एका सीटवर खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटी ओढली, बस घाट उतरायला लागली. ड्रायव्हर जुना असावा. उतारावर इंजिन कसं धरावं हे त्याला येत होतं. सूर एकसारखा, भरलेला, न चुकता. मागच्या सीटवरच्या कोणीतरी म्हटलं, "गाडी मस्त चालून राह्यली ना आज."

रुखमाबाईनं पदर डोक्यावरून ओढून दोन्ही कानांवर घट्ट गुंडाळला.